पिवळं फडकं

४ मार्च

दुकान नवं होतं तेव्हा दुपारी कुणी फिरकायचं नाही. शटर अर्धं ओढून आम्ही दोघं काउंटरवरच डबा उघडायचो. माझा घास तोंडात असताना हे माझ्या नाकावरून चष्मा अलगद उचलायचे, पिवळ्या फ्लॅनेलच्या फडक्याने पुसायचे, पुन्हा चढवायचे. "आता दिसेल भाजीत मीठ नाही ते," म्हणायचे. आणि भाजी मीच केलेली!

त्यातूनच आमच्या चष्म्याच्या दुकानाची रीत पडली. दारातून येईल त्याचा चष्मा आधी पुसून द्यायचा, मग काय हवं ते विचारायचं. हे गेले आणि फडकं माझ्या हाती आलं. आजवर एक चष्मा चुकलेला नाही.

वीस तारखेला माझं हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी दुकान कुणाला ते लिहून ठेवायचं आहे. मुलालाच, आणखी कुणाला? सूनबाई आतल्या खोलीत नजर तपासते, हुशार आहे. पण तिला लोकांशी गोड बोलता येत नाही.

गावात डोळ्यांची साथ आहे. तिने दारावर पाटी लावली — डोळे आले असतील तर आत येऊ नका, फोन करा. मुलगा म्हणाला, "गिऱ्हाइकाला उंबऱ्यावरून परत लावणारं पहिलं दुकान आपलं."

७ मार्च

टायपिस्ट बाईंचे डोळे आले. परवाच नवा चष्मा घेऊन गेल्या होत्या.

८ मार्च

बस कंडक्टरचेही आले. फोनवर म्हणाला, "काकू, तिकिटं दिसत नाहीत, पण साहेब मात्र दोन-दोन दिसतायत." ड्यूटीवर घेत नाहीत त्याला. हसत होता, पण घरी बसून त्याचं चालायचं कसं?

दोघंही मंगळवारी दुकानात आली होती; सूनबाईने त्या दिवशी येऊन गेलेल्या सगळ्यांना फोन लावले. बऱ्याच जणांचे डोळे चिकटलेले. घालून पाहिलेल्या फ्रेमांतून लागलं म्हणावं, तर कंडक्टर त्या दिवशी नुसता स्क्रू घट्ट करायला आला होता. हनुवटी टेकायचं मशीन म्हणावं, तर टायपिस्ट बाई तपासणीला बसल्याच नव्हत्या. कुणीतरी डोळे लाल व्हायच्या आधीच आत येऊन गेला असणार, असं ती म्हणाली. पण त्याच्याकडून सगळ्यांना लागलं कशातून?

बोलता बोलता तिची नजर माझ्या हाताकडे गेली. मी एका आजोबांचा चष्मा पुसत होते.

"आई," ती हळू म्हणाली, "ते फडकं."

९ मार्च

जेवले नाही. फडकं मी दर रविवारी धुते, उन्हात वाळवते. पण रविवार ते रविवार सगळ्यांना ते एकच.

लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर रोज सकाळी प्रत्येकीच्या झग्याला पिन केलेला रुमाल तपासायच्या. शेजारणीचा वापरला की दिवसभर बाकावर उभं. मी जन्मात दुसरीच्या रुमालाला हात लावला नाही — आणि अख्ख्या गावाला एकच रुमाल दिला.

मुलाची आणि सूनबाईची जुंपली. भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं.

"साथ सगळीकडे आहे. आपल्याकडून लागली हे कोण सिद्ध करतंय?"

"सिद्ध कशाला करायला हवं? मला माहीत आहे ना."

"आईच्या ऑपरेशनच्या तोंडावर बाबांच्या नावाला बट्टा लावणार तू?"

"घरोघरी टॉवेल वेगळे करायला सांगायचंय. आज सांगितलं तर त्यांची मुलं वाचतील. बट्ट्याचं नंतर बघू."

मग ती माझ्या दारात आली. चष्मा धुरकटलेला; रडली असावी. "तुम्ही नको म्हणालात तर थांबेन, आई."

हे असते तर काय म्हणाले असते? मला खरंच कळेना. मी म्हटलं, "कंडक्टरला पहिला फोन मी करते."

१० मार्च

दुकान बंद. मी फोन केले, तिने केले. काही जण चिडले. एकीने फोन आपटला. कंडक्टर म्हणाला, "फुकट पुसलेलं महागात पडलं की, काकू." आणि पुढे — "पण सांगितलंत. दुसऱ्या कुणी नसतं सांगितलं."

तिला मी काल-परवापर्यंत रुक्ष समजत होते. आज तिचा आवाज ऐकला — सरळ, शांत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "आमच्या दुकानातून लागलं. औषध डॉक्टरांना विचारूनच घाला. उशीचा अभ्रा रोज बदला." गोड बोलणं यापेक्षा वेगळं काय असतं?

१२ मार्च

सगळ्या फ्रेमा साबणाच्या पाण्यात. मुलगा कुरकुरत आला, बाह्या दुमडून बसला. सूनबाईने लाल ट्रे आणला: घालून पाहिलेली फ्रेम त्यात, धुतल्याशिवाय भिंतीवर परत जायची नाही. हनुवटीच्या पट्टीला दर माणसाला नवा कागद. दाराशी बेसिन.

मी फ्लॅनेलचा नवा तागा आणून चौकोन कापतेय. ज्याचं त्याला. पुसायचं त्याने आपल्या हाताने, आणि घरी न्यायचं. सूनबाई म्हणाली, "बाबांची रीत मोडली नाही, आई. वाढली." मी कात्री चालवत राहिले.

१७ मार्च

उघडलं. पहिला कंडक्टर, बरा होऊन. हात धुतले, आपलं फडकं घेतलं, मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "रांगेत या. आधी बेसिन, मग काकू." हात धुवायची पाटी लावायचीच गरज नाही आता.

टायपिस्ट बाई मात्र आल्या नाहीत. येतील, किंवा नाही येणार.

सूनबाई काउंटरवर उभी होती. माझी मान अभिमानाने अशी ताठ की डॉक्टरांनी रागावावं.

१९ मार्च

दुकान सूनबाईला. दुकानाच्या पाटीवर तिचंही नाव घालावं. मुलाने मनाला लावून घेऊ नये. हिशेब त्याच्याकडेच राहू दे.

कंडक्टरला ती तपकिरी फ्रेम, जी तो एरवी नेहमी घालून बघतो आणि परत ठेवतो. टायपिस्ट बाईंकडे नवं फडकं घरी पोचवावं.

जुनं पिवळं फडकं उकळून, वाळवून माझ्या उशाशी ठेवलं आहे. ते मुलाला. त्याने ते एकाच माणसाचा चष्मा पुसायला वापरावं. तिचा.