वरच्या खोलीचे मखमली पडदे

१० नोव्हेंबर
मखमल, सोनेरी झालर, गोंडे, पितळी दांड्या, शिलाई: अडतीस हजार. मंदाचा अबोला बिलात धरलेला नाही.
तरी स्वस्तच. फेब्रुवारीत मनिषचं लग्न. होणारी सून ज्योत्सना नागपूरची, बँकेत. खोली अशी सजवायची की तिने नागपूर विसरावं. दोघांनी इथेच राहायचं, लाखांदुरात, माझ्या राइस मिलच्या वर. मनिषला विचारलं. म्हणाला, पाहू बाबा. पाहू म्हणजे हो.
माप घ्यायला भंडाऱ्याहून कैलाश पडदेवाला आला होता. विचारतो, काका, घराची स्टाइल कोणती? म्हटलं, स्लॅबची. हसला. मोबाइलवर चित्रं दाखवली. मॉडर्न, क्लासिक, रॉयल. पडदा घराले शोभला पाहिजे, म्हणे. आपल्याकडे खाली मिल, वर ग्रॅनाइट, जिन्यावर सिंहाची तोंडं. रॉयलच.
बायको मधेच: सुती घ्या ना, धुता तरी येते. आपल्या घरी मखमल कायले?
यापुढे स्टाइलच्या बाबतीत मंदाला विचारायचं नाही.

१४ नोव्हेंबर, सकाळी
वरच्या खिडकीत चहा. ही खिडकी म्हणजे माझं ऑफिस. खाली हमाल काय बोलतात, गिऱ्हाईक काय भाव पाडतं, सगळं वर ऐकू येतं. पोती वाहिली तेव्हापासून कान उघडे ठेवले, म्हणून मिल झाली. माझ्या घराबद्दल लाखांदुरात कोणी बोललं आणि मला कळलं नाही, असं आजवर झालेलं नाही.
हमालांचा मुकादम लिलाधर सांगत होता, मालकाचा पोरगा नागपूरले… तेवढ्यात मिल सुरू झाली. लग्नाच्या खरेदीला जात असेल.

२६ नोव्हेंबर
पडदे लागले. मरून. खोली राजवाडा! दिवसा लाइट लावावा लागतो, पण राजवाड्यात लागतोच. कैलाश म्हणाला, काका, आता बाहेरचा आवाजबी येत नाही. हे फुकटात.

३ डिसेंबर
नवं धान जोरात. मिल दिवसभर. पडद्यांवर कोंडा. काठीने झोडपले, तर मलाच शिंका. मरून आता पिठात घोळल्यासारखा दिसतो.
मंदा दारात उभी: तीस वर्षं कोंडा खाऊन राहिले, अन् माप घेताना खालची मिल दिसली नाई तुमाले?
दोष कापडाचा. उपाय: खिडक्या कायम बंद. चहा आतच प्यायचा.

८ डिसेंबर, रविवार
मनिष वर आला. बाबा, थोडं बोलायचं होतं. म्हटलं, आधी दोरी ओढून पाहा. ओढली. गोंडा बघ. बघितला. मग बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी झालर दाखवत होतो. दोरी जागेवर अडकवून खाली गेला. पोरगा भारावला.

२० डिसेंबर
शांतता म्हणजे काय ते आता कळलं. मंदा म्हणते, खिडकी उघडा, लोक काय बोलून राहिले ते ऐका. लोक जळतात. रॉयल स्टाइलवाल्याने लोकांचं ऐकायचं नसतं.
संकल्प: ज्योत्सनाच्या बदलीसाठी इथल्या बँकेच्या मॅनेजरला भेटायचं. तांदळाची एक पिशवी सोबत.

९ जानेवारी
मॅनेजरकडे निघालो होतो, तेवढ्यात कैलाशचा फोन. काका, मनिषभाऊच्या फ्लॅटचे पडदे तयार आहेत. वहिनींनीच निवडले, साधे सुती. तुमची तांदळाची गाडी नागपूरले जातेच, तिच्यात टाकू का?
विचारलं, कोणता फ्लॅट?
कैलाश हळूच: मले वाटलं तुमाले ठाऊक असन.
मंदाला विचारलं. म्हणे, दिवाळीपासून सांगून राहिले मी, तुमी ऐकता कोठी? मनिषला विचारलं. त्या रविवारी तेच सांगायला आलो होतो, बाबा.
खाली गेलो. लिलाधरने नजर चुकवली. हमालांनी वर्गणी काढून नव्या फ्लॅटसाठी भिंतीवरचं घड्याळ घेतलं आहे. समोरच्या चहावाल्याने कप पुसता पुसता विचारलं, वास्तुपूजेले बस करणार की जीप जी?
लाखांदुरात सगळ्यांत शेवटी मला कळलं.