पाच किनाऱ्यांपैकी तीन

बुधवार, ११ नोव्हेंबर

एकोणीस दिवस राहिले. एक डिसेंबरला बायको दुसऱ्या शहरातल्या रक्तपेढीत प्रमुख म्हणून रुजू होणार. ताटं पुसता पुसता सांगितलं, जणू दूधवाला बदलला. मी विचारलं, "मग शनिवार-रविवार येशील?" "नाही." "मग कधी?" "मी जातेय म्हटलं. येण्याचं काही बोलले का?"

तेवीस वर्षांच्या संसाराचा उपसंहार, तोही इतका आटोपशीर. पेपरात जन्म गेला माझा, पण त्यात एक शब्द कापायला जागा सापडली नाही.

कारण विचारलं नाही. आठ वर्षं संस्कृत घोकलं आहे. कार्यावरून कारण ओळखता येतं. आरशात दिसतं ते.

गुरुवार, १२

संपादकांचा फोन. "पाच किनारे, एक दिवस, आठच माणसं, सोबत माहीतगार. पुरवणीला हजार शब्द दे. दोन जागा ठेवल्यात, वहिनींना घेऊन जा." देतो म्हटलं.

संध्याकाळी तिला विचारलं. आधी किल्ली खुंटीला लावली. मग म्हणाली, "छापायला नसेल तर येते. आपण आजवर जिथे जिथे गेलो ते मी नंतर रविवारी वाचलंय. धबधबा वाचला. गुहा वाचल्या. पोरगी पहिलं पाऊल कुठे टाकती झाली तेसुद्धा वाचलं, खाली तुझं नाव होतं."

"छे छे," मी म्हटलं, "फक्त आपल्या दोघांसाठी."

एका दिवसात दोघांना दोन वचनं, एकमेकांच्या मुळावर उठणारी. याला तर्कशास्त्रात सुंदर नाव असेल. घरात लबाडी म्हणतात.

शनिवार, १४

उद्या बोलायचं. घरात जमत नाही. घरात आम्ही फक्त गॅस, गिझर आणि किल्ल्या यांवर बोलतो. समुद्रासमोर माणूस मोकळा होतो असं मी स्वतःच चार वेळा छापलेलं आहे.

तीन वाक्यं तयार केली. एक कबुलीचं, एक क्षमेचं, एक विनंतीचं. चौथं हवंय — इथून पुढे काय बदलेल ते सांगणारं — ते सुचत नाही. तिन्ही सकाळी दाढी करताना म्हणून पाहिली. तोंडाला साबण होता, प्रामाणिकपणा नीट दिसला नाही.

टिपणवही नेणार नाही. ही रोजनिशी नेईन. ही कुठे छापायची आहे?

रविवार, १५. सकाळी साडेआठ, गाडीत

माहीतगार म्हणजे निवृत्त भूगोल-शिक्षक. गळ्यात शिट्टी. सगळे मास्तरच म्हणतात. गाडीत आठ प्रवासी: एक बाप-लेक, एक नवं जोडपं, एक नणंद-भावजय आणि आम्ही. मास्तरांची पद्धत अशी, की ते डोकी मोजत नाहीत. डोकी चुकतात म्हणाले. "प्रत्येकाला एक जोडीदार. गाडी सुटण्याआधी मी विचारणार, जोडीदार? तुम्ही बघून सांगायचं, आहे. सगळ्या हमी मिळाल्या की गाडी हलणार."

नणंदबाई म्हणाल्या, "अहो मास्तर, हिची हमी माझ्या भावाने कधी घेतली नाही, ती मी घेऊ होय?" भावजय म्हणाली, "वन्सं, खिडकी लावा, वारं शिरतंय डोक्यात."

ती हसली. माझी बायको. किती महिन्यांनी! माझ्या विनोदाला नव्हे, पण हसली.

गुडघा ताठतो म्हणून मी ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर. ती शेवटच्या रांगेत, खिडकीशी.

रविवार, दुपारी दीड, गाडीत

तीन किनारे झाले. वाक्य एकही झालं नाही.

काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर ती माझ्या वीस पावलं पुढे चालत होती. शिंपल्यांच्या किनाऱ्यावर मास्तरांशी भरती-ओहोटीवर बोलत बसली. आताच्या दीपगृहाच्या किनाऱ्यावर मात्र दोघंच होतो, खडकांपाशी. म्हटलं, "मला काही सांगायचंय." ती थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "बोल ना." खरंच वाट बघत होती. आणि चौथं वाक्य नेमकं तेव्हा समोरून चालत आलं, आयतं. पण पहिली तीन घाबरून पळाली. तेवढ्यात शिट्टी झाली. मी म्हटलं, "तू ये सावकाश, मी पुढे होतो," आणि गाडीकडे धावत आलो. आधी वहीत उतरवून घेतो. पुढच्या किनाऱ्यावर चारही वाक्यं ओळीने म्हणेन. तिथे पन्नास मिनिटं आहेत म्हणे.

मास्तर दारातून विचारतायत, जोडीदार? आहे म्हटलं. "साहेब, बघून सांगा." आहे हो, आहे. यांचा काय वर्ग चालू आहे!

गाडी निघाली. तर चौथं वाक्य असं — इथून पुढे मी आधी तुझ्याकडे बघेन आणि मग कागदाकडे.

बरं आहे. साधं आहे. हेच म्हणायचं.

सोमवार, १६

लिहितो, नाहीतर काय करू?

चौथ्या किनाऱ्यावर गाडी थांबली. चारही वाक्यं तोंडात तयार ठेवून मागे वळलो. शेवटच्या खिडकीशी छत्र्या आणि टॉवेलांची पिशवी. ती नाही.

आधी वाटलं, उतरली असेल. नणंदबाई म्हणाल्या, "त्या चढल्याच कुठे?" मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "मी तुम्हाला दोनदा विचारलं." हो, विचारलं. वरच्या पानावर लिहून ठेवलंय मी, पुरावा म्हणून कोणाला हवा असेल तर. बाकी सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराची हमी दिली होती, आणि ती खरी होती.

तिचा फोन माझ्या झोळीत.

गाडी उलट फिरली. चौदा किलोमीटर. नव्या जोडप्यातल्या मुलीने नवऱ्याचा हात धरून ठेवला होता. मला राग आला त्यांचा. कशाचा ते सांगता येणार नाही.

दीपगृहाच्या किनाऱ्यावर कोणी नाही. आम्ही जिथे उभे होतो तो खडक नाही. म्हणजे होता, पाण्याखाली. मास्तर म्हणाले, आज भरती मोठी आहे. मी एवढ्या मोठ्याने हाक मारली की माझाच आवाज मला ओळखू येईना. तिचं नाव हाकेसारखं मी किती वर्षांत घेतलं नव्हतं! घरात "अगं" पुरतं. समुद्राला "अगं" पुरत नाही.

अडीच ते पाच. मास्तर एका टोकाला शिट्टी वाजवत गेले, बाप-लेक दुसऱ्या टोकाला. किनाऱ्यावरचा जीवरक्षक उंच खुर्चीवरून दुर्बिणीने पाणी बघत होता. मी त्याच्या खुर्चीला धरून खाली उभा. त्याने विचारलं, "साडी की ड्रेस? रंग?" मला आठवेना. सकाळी साडेसातपासून बरोबर होती ती. पहिल्या किनाऱ्याची वाळू कशी चकाकते त्याला तीन विशेषणं सुचली होती मला, आणि तिच्या अंगावर काय होतं ते माहीत नाही. भावजय मागून म्हणाली, "पिवळा ड्रेस, पांढरी ओढणी." जीवरक्षकाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा दुर्बीण लावली.

त्या अडीच तासांत मी तिला मनात पाच-सहा वेळा मेलेली पाहिली. याहून जास्त लिहीत नाही.

पाच वाजता चहाच्या टपरीवाली जेवून परत आली. तिने टपरी उघडता उघडता सांगितलं, "पिवळ्या ड्रेसवाल्या? त्या गाडी सुटली तेव्हा इथेच होत्या की, माझ्या शेजारी. गाडी हलली तशी मी म्हटलं, बाई ओरडा, हात करा, जातायत ते. तर म्हणाल्या, थांबा, किती लांब जाते ते बघू. दहा मिनिटं बघत होत्या. मग बर्फाच्या ट्रकमध्ये बसून गेल्या."

मी वाळूत बसलो. मास्तर शेजारी बसले. म्हणाले, "तीस वर्षं हजेरी घेतली. पोरगं 'हजर' म्हणालं तरी मान वर करून बघायचो. मोठी माणसं भेटली आणि सवय मोडली."

सहाला मेहुणीचा फोन. "भावोजी, ताई माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. तुम्ही यायचं नाही."

उरलेले किनारे कोणी मागितले नाहीत.

मंगळवार, १७

गेलो. मेहुणीने दार अर्धंच उघडलं. "यायचं नाही म्हटलं होतं ना?" म्हटलं, "पाच मिनिटं." "तुमची पाच मिनिटं माहीत आहेत. लग्नात वरात दीड तास फाटकाशी थांबली होती, तुम्ही बातमी देत होतात." पण आत जाऊन सांगितलं.

ती बाहेर आली. जिन्यातच उभे राहिलो.

"तू ओरडली का नाहीस?"

"चौदा किलोमीटर गेलास ना?"

"मी तुझ्याबद्दलच लिहीत होतो गं."

"ते मला माहीतच आहे." आवाज चढवलाच नाही तिने, तोच तिचा वाईट गुण. "रक्तपेढीत माझ्याकडे पिशवीवरचं नाव आणि माणसाच्या हातावरचं नाव दोनदा जुळवल्याशिवाय पिशवी हलत नाही. न बघता 'आहे' म्हटलं की समोरचा मरतो. अशा माणसाला आम्ही दुसऱ्या दिवशी ठेवत नाही. तुला मी तेवीस वर्षं ठेवला."

मग आणखी एक. शिंपल्यांच्या किनाऱ्यावर मास्तर तिला म्हणाले होते, "साहेबांना सांगा, आमच्याबद्दल जरा बरं लिहा पेपरात." तिला तिथेच कळलं. तरीही तिसऱ्या किनाऱ्यावर थांबून "बोल ना" म्हणाली. आणि मी गाडीकडे पळालो.

चारही वाक्यं खिशात होती. एकही काढायची छाती झाली नाही. झोळीतला तिचा फोन तेवढा काढून दिला.

बुधवार, १८

घर अंगावर येतं. तिला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा. चौथ्यांदा मेहुणीने घेतला: "भावोजी, मीच आहे. अजून मीच असेन."

शुक्रवार, २०

संपादक लेखासाठी मागे लागलेत. "अरे, बायको सुखरूप आहे ना? मग उलट बरंच झालं, मानवी अंग आलं." देत नाही म्हणून कळवलं. त्यांना आधी थट्टा वाटली, मग ते रागावले, मग म्हणाले निदान पाचशे शब्द.

खोटं का लिहू? दुपारी बसलो होतो मी. सुरुवातही केली होती. "समुद्र माणसाला हमी देत नाही" — असलं काहीतरी. चांगलं जमत होतं, हेच भयंकर. कागद फाडला तेव्हा मोठं काही केलं असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

लेकीचा फोन. तिला मावशीने सगळं सांगितलंय. "बाबा, तिसरीत तुम्ही मला शाळेतून आणायला विसरलात ना, तेव्हा मी पण ओरडले नव्हते. रखवालदारकाकांना म्हटलं, येतील, लिहीत असतील." ती हे मला धीर द्यायला सांगत होती.

रविवार, २२

पुरवणीत किनाऱ्यांच्या जागी उशांवर लेख. कोणती उशी मानेला बरी. शेवटपर्यंत वाचला.

गुरुवार, २६

चार दिवस उरले. तिची पुस्तकं, कपडे, सगळं इथेच आहे. सामान न्यायला माणसं कधी येतील ते सांगितलेलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठतो. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आता मला पाहून आधीच म्हणतात, "मीच आहे."

आज मेसेज केला: जाऊ नकोस. फक्त एवढंच. माझ्या आयुष्यातलं विशेषणाविना पहिलं वाक्य असेल. पाठवून झाल्यावर तासभर फोन हातात. तिने वाचलं.

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. घरात कोणी नसताना नळ कशाला सोडला, देव जाणे.

शनिवार, २८

तिचा मेसेज. "सोमवारी सकाळी येते. घरीच राहा."

घरीच राहा! मी पायरीसुद्धा उतरणार नाही.

रविवार, २९

घर पुसून काढलं. चादरी बदलल्या. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी येते म्हणजे निरोपालाच. तरी चादरी बदलल्या.

सोमवार, ३०

ती आली. नोकरीला नाही म्हणून कळवलंय. जात नाही.

ती पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "पंधरा दिवस विचार केला. मी का जाऊ? घर मी लावलं, इथली रक्तपेढी माझी, शेजारी माझे. तुला कुठेही बसून लिहिता येतं. तू जा."

बॅग तिनेच भरायला घेतली. मला कपडे सापडले नसते म्हणाली. मी दारात उभा राहून बघतोय. वरच्या थरात स्वेटर आहेत. खालच्या थरात उन्हाळ्याचे सदरे.