भोंगेवाल्या मुलाची चौकशी

नवीन जालना,
मार्च १९९९

तीर्थस्वरूप बद्रीनाथदाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा अप्पाराव याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? अक्काचा दमा? गिरिजाचा डी.एड.चा अभ्यास चालू आहे ना? इकडचं विचाराल तर भोंगा एकदा वाजून दुसऱ्यांदा वाजेपर्यंतच्या मधल्या वेळात आम्ही सगळे खुशाल असतो. हे पत्र तशाच एका मधल्या वेळात लिहून राह्यलो. अक्षर कुठं एकदम वर उडालेलं दिसलं तर माझा हात थरथरतो असं अक्काला सांगू नका (ती लगेच अंगारा पाठवते), तिथं भोंगा वाजला एवढंच समजा.

फोन करता आला असता. पण तुमचा फोन म्हणजे शेजारच्या किराणा दुकानातला. तुम्हाला बोलवून आणेपर्यंत अर्धं टेंभुर्णी तिथं शेंगदाणे खात उभं राहतं, आणि तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून दुकानदार माझं एकेक वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणून दाखवतो. मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीची विचारपूस जाफराबादच्या एसटीत एका बिलकुल अनोळखी माणसानं केल्ती, वर एक झाडपाल्याचा उपायही सांगितल्ता (फरक पडला, ते सोडा). पण पोरीच्या सोयरिकीची गोष्ट अशी शेंगदाण्याबरोबर गावात वाटायची न्हाई, म्हणून हे पत्र.

तर तुम्ही सांगितल्तं की धावड्याचं स्थळ गिरिजासाठी आलंय, घर बरं आहे, माणसं बरी आहेत, मुलगा मच्छिंद्र आमच्याच नवीन जालन्यात खोली करून राहतो आणि घराघरांत चोरासाठीचे भोंगे बसवायचा धंदा करतो. मुलगा कामाला कसा आहे ते अप्पारावनं पारखावं, आपण मुलीचे मामा असल्याची ओळख देऊ न्हाई, आणि पाडव्याच्या आत कळवावं, म्हणजे धावड्याला सुपारी फोडायला जायचं की न्हाई ते ठरवता येईल. आता चौकशी म्हणजे लोक काय करतात, तर पानटपरीवाल्याला विचारतात. पानटपरीवाला गिऱ्हाइकाला कधी वाईट म्हणतो का? मी म्हणलं, बैल घ्यायचा तर आपण त्याला चालवून बघतो, मंग जावई घ्यायचा तर त्याला काम देऊन बघू. शिवाय आमच्या गल्लीत मागच्या महिन्यात एकाचा भरलेला गॅसचा सिलिंडर चोरीला गेल्ता आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मंग बोलावलं मच्छिंद्रला, आणि सांगितलं, पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना भोंगा बसव.

इथं पहिली चूक झाली. मुलगा कोण आहे ते मी हिला सांगून बसलो. हिला बजावलं होतं, तो वायरमन म्हणून येतोय, त्याला वायरमनसारखंच वागव. पण गिरिजाचं स्थळ घरात आलेलं, हिच्यानं राहवतं का? तो स्टुलावर चढला की ही पोह्यांची बशी घेऊन खाली उभी. उतरला की शिरा. भिंतीला एक भोक पाडून होईस्तोवर पोराच्या पोटात इतकं गेलं की त्याला पुढचं भोक वाकून पाडता येईना. मी डोळ्यांनी खुणावलं तर ही सगळ्यांसमोर विचारते, डोळ्यात काही गेलं का? आणि निघताना, दाजी, ही चक्क टॉवेल-टोपी घेऊन बाहेर आली! जगात कोणत्या वायरमनला टॉवेल-टोपी देतात? मी झटकन ती टोपी माझ्याच डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि कुठं बाहेर जायचं असल्यासारखा फाटकापर्यंत जाऊन आलो. पोरगं बिचारं गोंधळून बघत राह्यलं.

काम दिसायला बराबर होतं, खोटं कशाला बोलू. तार सरळ, नळीतून नेलेली, भिंतीवर एक डाग न्हाई, आणि निघताना पडलेली माती स्वतः झाडून घेतली. दाराला अन् चौकटीला लोहचुंबकाचे तुकडे बसवले. दार उघडलं की भोंगा सुरू, आणि आतली चावी फिरवेपर्यंत थांबायचं नाव न्हाई. लाईट गेली तर बॅटरी. मी खूश होऊन रात्रंदिवस भोंगा चालू ठेवला, आपण जाता-येताना तेवढी चावी फिरवायची.

अन् मंग सुरू झालं. दुपारी जेवून जरा लवंडलो की भोंगा. सांजच्याला देवापुढं दिवा लावला की भोंगा. धावत जाऊन बघावं तर मागचं दार बंद, कडी लावलेली, चोर न्हाई की मांजर न्हाई. शेजारचे रिटायर तलाठी तर एकदा अंगाला साबण लावलेले तसेच पंचावर काठी घेऊन आले, आणि चोर न्हाई म्हणल्यावर माझ्यावरच चिडले. भोंगा वाजला की मच्छिंद्र येतो, हे मात्र कबूल करतो. खोली दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं भोंगा त्यालाही ऐकू येतो, आणि पोरगं हातातला घास टाकून पळत येतं. येतं, मागचं दार बघतं, मान खाली घालतं, आणि म्हणतं, काका, तार ढिली झाल्ती, माझी चूक. पुढच्या खेपेला म्हणतं, उंदरानं कुरतडली, माझी चूक. त्याच्या पुढं म्हणे, चौकटीचं लाकूड फुगलं. दाजी, फाल्गुनातल्या उन्हात जालन्यात माणसं वाळून चालली अन् याचं लाकूड फुगतं! आमची बेबी पोर गुणाची म्हणून, बी.ए.चा अभ्यास सोडून दर वेळी त्याच्या शेजारी बॅटरी धरून उभी राहते. (भर दुपारी बॅटरी कशाला, विचारलं तर म्हणे आतली तार दिसत न्हाई.)

माझं तर डोकं फिरून गेलं. मी विचार करू लागलो की या धंद्याला कुणी विचारणारं आहे का न्हाई? डॉक्टरला कागद लागतो, वकिलाला सनद लागते, साध्या रिक्षावाल्याला लायसन लागतं. आणि ज्याच्या भरवशावर आपण बायको-पोरी घरात ठेवून कंपनीत जायचं, त्याला लागते फक्त एक पक्कड आणि एक पेचकस! त्यापेक्षा चोराचा धंदा शिस्तीचा म्हणायचा. चोर कामाला कच्चा असला तर पहिल्याच घरात धरला जातो. भोंगेवाला कच्चा असला तर त्याला कुणी धरायचं? मी कंपनीत बियाण्यांच्या गोदामावर आहे, तिथं एका पोत्यातलं बी उगवलं न्हाई तर शेतकरी गळ्यापाशी येतो. याच्या पोत्यात सगळं उगवून राह्यलंय, नको तेव्हा.

आणखी एक गंमत ऐका. हा माल आणायला औरंगाबादला गेला की भोंगा दिवसभर गप्प! आला की संध्याकाळी पुन्हा सुरू. मला तर शंका यायला लागली की आमच्या घरच्या चहाची याला चटक लागली आणि हाच काहीतरी करामत करून ठेवतो. हिला बोलून दाखवलं तर ही तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

परवा मात्र हद्द झाली. समोरच्या रखमाजीच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आल्ते. मुलगी पाटावर बसली, मुलाच्या आजोबांनी नाव विचारायला तोंड उघडलं, आणि आमचा भोंगा सुरू! आजोबा जोड्याशिवाय रस्त्यावर, तिथून थेट रिक्षात. रखमाजी आता माझ्याशी बोलत न्हाई, आणि मी त्याला दोष देत न्हाई. मच्छिंद्र नेहमीसारखा पळत आला, नेहमीसारखं म्हणला, माझी चूक. मंग मीही सोडलं न्हाई. अख्ख्या गल्लीसमोर सांगितलं, तुला कामातलं ढेकळंही कळत न्हाई, धावड्याला जाऊन शेळ्या राख, या दारात पुन्हा पाय ठेवू नको. तो म्हणला, बराबर आहे काका. एवढंच म्हणून गेला.

तेव्हा दाजी, माझा निकाल ऐका. मुलगा नापास. ज्याला एक दार नीट सांभाळता येत न्हाई त्याच्या हातात आपली गिरिजा द्यायची न्हाई. धावड्याला सुपारी फोडायला जाऊ नका. अक्काला नमस्कार, गिरिजाला अनेक आशीर्वाद, आणि गुडघ्याला कोमट तेल लावत जा.

तुमचा,
अप्पाराव

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी जुन्या जालन्यातला कारभारी नावाचा दुसरा भोंगेवाला बोलवल्ता, म्हणून हे चार शब्द. तुम्हाला माहीतच आहे, गवंडी असो, सुतार असो की नळवाला, नवा माणूस आला की आधी जुन्याचं काम बघून जीभ चुकचुकवतो आणि विचारतो, हे कुणी करून ठेवलं? मी त्या चुकचुकण्याची वाटच बघत होतो. पण कारभारीनं दोन्ही दारं पाहिली, तार पाहिली, बॅटरी पाहिली, आणि चुकचुकलाच न्हाई. उलट विचारतो, हा पोरगा कुठं भेटंल, मला कामाला पाहिजे. काही बिघाड न्हाई म्हणला, दार उघडल्याशिवाय हा भोंगा वाजणारच न्हाई. मी म्हणलं, अरे दार बंद असतं. तर म्हणतो, उघडून मंग बंद केलं असंल कुणीतरी. असं कोण रिकामं बसलंय आमच्या घरात? हा कारभारीही कच्चाच निघाला.

आणखी एक ता. क. रात्री जेवताना हा किस्सा हसत हसत सांगितला. बेबी ताटावरून उठून गेली. मंग हिनं मला खरं काय ते सांगितलं. दाजी, दार बेबी उघडत होती. उघडायची, लावून घ्यायची, कडी घालायची, आणि पुस्तक घेऊन बसायची, म्हणजे तो पळत येईल. हिला सगळं ठाऊक होतं. बाप्या माणसाला फक्त भोंगा ऐकू येतो म्हणते. आणि दाजी, ज्यानं भोंगा बसवला त्याला न्हाई का कळणार तो कशानं वाजला? त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी दर वेळी मान खाली घालून तार ढिली, उंदीर, लाकूड, माझी चूक, माझी चूक! या कामावरच ज्याचं पोट आहे त्यानं अख्ख्या गल्लीसमोर आपल्या कामाला नावं ठेवून घेतली, पण माझ्या पोरीचं नाव तोंडातून काढलं न्हाई. मला फार लाज वाटली, दाजी. आणि बेबीनं तो गेल्यापासून धड खाल्लेलं न्हाई.

शेवटचा ता. क., आणि खरं पत्र हेच समजा. वरचं सगळं खोटं आहे, पण अक्काला तेवढंच वाचून दाखवा, सहीपर्यंत. खालचं फाडून चुलीत घाला. तिला कळलं तर ती म्हणेल, मुलगा बघायला पाठवला भाऊ अन् भावानं तो आपल्याच घरी ठेवून घेतला, आणि ती मला जन्मात राखी बांधणार न्हाई. गिरिजानं त्याला अजून पाहिलेलंही न्हाई. तिच्यासाठी मी याच्याहून चांगला मुलगा शोधतो. (याच्याहून चांगला मिळणं कठीण आहे, पण शोधतो.) धावड्याला मात्र कामाबद्दल एक शब्द बोलू नका, पोराचं नाव खराब होईल. पत्रिका जुळत न्हाई म्हणा. उद्या अक्का विचारेल की नापास मुलगा अप्पारावनं स्वतःच्या पोरीला कसा केला, तर म्हणा, अप्पारावला अक्कल कधी होती?

आज मच्छिंद्रला दोनदा निरोप धाडला, पण तो येईना. म्हणतो, काकांनी पाय ठेवू नको सांगितलंय. मी मोठा माणूस, सगळ्या गल्लीसमोर बोललेलो, कोणत्या तोंडानं त्याच्या खोलीवर जाऊ? म्हणून आत्ता, बेबी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली असताना, मागचं दार मी स्वतःच्या हातानं उघडलं. भोंगा केव्हाचा वाजून राह्यला. चावी मी मुठीत धरून बसलोय. तलाठी ओरडून राह्यले, रखमाजीनं खिडकी लावून घेतली, ही कानावर हात ठेवून माझ्याकडं बघून हसून राह्यली, आणि बेबी बाहेर येऊन मला विचारते, बाबा, दार कुणी उघडलं? मी म्हणलं, तार ढिली झाली असंल.

फाटक वाजलं. आलाय. पक्कड न्हाई, पेचकस न्हाई, रिकाम्या हातांनी आलाय, म्हणजे काय बिघडलंय ते त्याला बराबर कळलंय. दाजी, तुमच्या पाया पडतो, पाडव्याच्या आत धावड्याला तुमचा नकार पोचू द्या.