सोजराची साखळी

बळ्ळारीहून, १२ नोव्हेंबर १९७६

सौ. सोजरास,

मी धडधाकट हाय. पाणी खारं हाय, पण मानवायलंय.

इथल्या सरकारी फार्मवर शेतीच्या साहेबांनी रान न नांगरता तीन अवजारांनी शाळू पेरून बघितला. ट्रॅक्टरचं यंत्र धसकटांत अडकलं. रुंद फणाच्या यंत्रानं रान उकरलं आन् ओल उडाली. आपली अरुंद फणाची तिफण ओलीपस्तोर गेली, आन् तू मागं बांधायला लावलेल्या साखळीनं बी झाकलं. आज उगवण मोजली. आपलीच सगळ्यात दाट!

साहेबांनी विचारलं, "ही साखळीची अक्कल कुणाची?" मी ताठ मानेनं तुझं नाव सांगितलं.

तुझी कंबर दुखायची थांबली का?

हे पत्र तुला अप्पाच वाचून दाखवतील. साखळी बघून तेच हसले होते. वाचत इथवर आले की म्हण, "नीट ऐकू आलं न्हाई, मामंजी. परत वाचा."

तुझा,
माणिक