ताईच्या गाडीची परीक्षा

तीर्थरूप स्टेनुनताई,

धाकट्या भावाचा, चिखलाच्या बुटांसकट, नमस्कार. तेनेरिफ बेटावरच्या उन्हात तुझी पाठ सोलून निघाली नसेल आणि गुडघाही कुरकुरत नसेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठणठणीत, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा खुबा सोडून सगळे. हे पत्र हॉटेलच्या ई-मेलवर पाठवतोय. काउंटरवरची बाई ते छापून तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या खेपेचं वाक्य जरा लांब आहे.

निघताना तू दोन गोष्टी बजावल्या होत्यास. एक, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी मधूनमधून सुरू करायची. दोन, ही गाडी खरंच फोर-व्हील आहे की नुसती नावाची, ते डोंगरातल्या माणसाच्या नजरेने बघून ठेवायचं, म्हणजे ठेवावी की विकावी ते तुला ठरवता येईल. तर ताई, मी गाडी सुरू केली. सुरू केल्यावर ती थोडी पुढे गेली. (थोडी म्हणजे बासष्ट किलोमीटर.)

त्याला कारण आहेत आउसग्रीमुर, म्हणजे आमचे सासरेबुवा. शहरात राहून तुला विसर पडला असेल, म्हणून सांगतो: गेली एकतीस वर्षं ते आपल्या खोऱ्याचे डोंगरराजे आहेत. सप्टेंबरात साऱ्या गावाच्या मेंढ्या डोंगरावरून खाली आणताना ज्याचा शब्द शेवटचा, तो राजा. मुकुट नाही, पगार नाही. फक्त सगळ्यांवर ओरडायचा हक्क. यंदा खुबा बदलल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचा घोडा बंद केला, आणि गावच्या समितीने लगोलग ठराव केला की राजा डोंगरावरच हवा, स्वयंपाकघरातून राज्य चालणार नाही. नदीपलीकडच्या झोपडीपर्यंत ते पोचले, तर तिथून वायरलेसवर हुकूम सोडतील. नाही पोचले, तर राजेपण शेजारच्या हाफ्लिदीकडे. हाफ्लिदी बेचाळीस वर्षांचा आहे आणि वारा कुठून येतोय ते मोबाईलमध्ये बघतो. हे ऐकल्यापासून म्हातारा धड जेवला नव्हता. माझ्या जुन्या जीपचा गिअरबॉक्स जूनपासून तीन खोक्यांत पडलाय. राहिली तुझी गाडी.

रविवारी सकाळी, ती झोपडी गाठेल की नाही हे आधी बघून ठेवायला, आम्ही दोघं निघालो. आपल्याकडे रस्ता सोडून गाडी घालणं गुन्हा, कारण शेवाळावर उठलेला चाकाचा व्रण माणसाच्या हयातीत बुजत नाही. त्यामुळे गाडीची आडरानातली परीक्षा रस्त्यावरच घ्यावी लागते. सुदैवाने आपले डोंगरातले रस्ते आडरानाला लाजवतील असे आहेत. दगडांवर तुझी गाडी छान चढली. हळू गिअर टाकला की मान खाली घालून निमूट चढते, पोट कुठे घासत नाही. पण बाई, बोलते किती! खडी आली की टिंग, खड्डा आला की टिंग. पट्टेच नसलेल्या रस्त्यावर पट्टा ओलांडल्याबद्दल मला तीनदा ताकीद दिली. आणि पुढे मेंढ्या दिसल्या, तेव्हा मला न विचारता करकचून ब्रेक लावून उभी राहिली. मेंढ्या आणायला न्यायची गाडी मेंढ्यांना घाबरते, हे बघून आउसग्रीमुरनी काठी पायाशी आपटली. मग म्हणाले, “जावईबापू, असा घोडा मी एका वासराच्या बदल्यातही घेतला नसता.”

मग नदी. रिवाजाप्रमाणे मी कमरेला दोर बांधून आधी पायी उतरलो, तळ चाचपला, गुडघ्याच्या वर पाणी नाही याची खात्री केली. (पाय अजून निळे आहेत.) गाडी पाण्यात घातली आणि नेमकी मध्यावर तुझी लाडकी थांबली. समोरचं पाणी तिला भिंत वाटलं. नदीत थांबायचं नाही, हे आपण बोलायला शिकायच्या आधी शिकतो. पाणी दाराशी यायला लागलं. मी घाईने पुस्तिका काढली; सात भाषांत आहे, त्यांत आपली नाही. शेवटी मागे घेऊन कशीबशी काठाला आणली. आता म्हातारा खचणार, या भीतीने मी त्यांच्याकडे बघेना. पण ते काठी टेकत उतरले, खिशातून गाईच्या सडांना लावायच्या मलमाचा डबा काढला (तो त्यांच्या खिशात लग्नातही असतो), आणि पुढच्या जाळीवरचे नि बंपरवरचे सगळे सेन्सर, म्हणजे गाडीचे डोळे, लिंपून टाकले. “बुजऱ्या घोड्याचे डोळे झाकतात,” म्हणाले, “चल आता.” गाडीने पडद्यावर लिहिलं की मला काही दिसत नाही, आणि गप्प झाली. दहा मिनिटांत आम्ही पलीकडे, झोपडीच्या दाराशी. सासऱ्यांनी उतरून डोंगरावर नजर फिरवली आणि टोपी काढून पुन्हा घातली. एकतीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नाक पुसताना पाहिलं.

तेव्हा माझं स्पष्ट मत: इंजिन एकदाही अडखळलं नाही, कुठे गळत नाही, पाणी आत आलं नाही. दमाची आहे, फक्त भित्री आणि वाचाळ. विकू नकोस.

तुझा,
बेर्गथोर

ता. क. नदी, दगड, मेंढ्या या सगळ्यातून सहीसलामत आलेली गाडी परत येताना पेट्रोल पंपावर उभी केली. नाक वाऱ्याकडे करून गाडी लावावी हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण सासरे हाफ्लिदीवर बोलत होते आणि मी पंपावर मिळणाऱ्या सॉसेजचा विचार करत होतो. दार उघडलं, ते वाऱ्याने माझ्या हातून नेलं आणि पुढच्या चाकाला टेकवलं. आता ते बंद होत नाही. गवताचे गठ्ठे बांधायच्या दोरीने बांधलंय. गाडीच्या वरच्या मतात त्यामुळे काही फरक पडत नाही.

ता. क. तू बुधवारी येतेस आणि मेंढ्या उतरवायची मोहीम गुरुवारी सुरू होते. तुझी खोली आणखी आठ दिवस मिळेल, मी काउंटरवरच्या बाईला विचारून ठेवलंय. गुडघ्याला ऊन चांगलं असतं.

ता. क. पत्र पाठवण्याआधी सासऱ्यांनी वाचायला मागितलं. वाचून म्हणाले, “हाफ्लिदीविषयी उगाच वाकडं लिहू नकोस, पोरगा चांगला आहे. राजेपण त्यालाच द्यायचं मी केव्हाच ठरवलंय. पण ते वर, झोपडीच्या दारात, सगळ्यांदेखत, मी माझ्या हाताने देईन. घरात बसलेल्या माणसाकडून ते कुणी काढून नेलेलं मला चालणार नाही.” हे त्यांनी अजून माझ्या हिल्दुरला, स्वतःच्या लेकीलाही, सांगितलेलं नाही. तुला कळवायला सांगितलं, कारण गाडी तुझी आहे.