सात दिवसांची मानिसोबा

रविवार, ६ ऑक्टोबर. सकाळी सहा.
साबुकंदाचा वाटलेला पाला गॅसवर चढवला. सात दिवस उकळला की त्यातलं विष जातं. पुढच्या रविवारी नाझारेच्या मातेची मिरवणूक संपली की सगळं घर माझ्याकडे या पाल्याची मानिसोबा जेवणार. गेल्या वर्षी नणंद ओस्मारिना सासूबाईंच्या कानाला लागली, "वहिनीला धीर कुठाय? मरायचं असेल तर जेवा तिच्याकडे." सगळे उठून तिच्याकडे बदक खायला गेले. यंदा सूड. पहिला घास तिलाच. चारचौघांत.

मंगळवार, ८.
पाला काळा पडतोय. उग्र वास. शेजारी ओस्मारिनाच्या घरात जावा म्हणून खिडकी उघडली. आमच्याच कपड्यांत भरला. हरकत नाही.

शुक्रवार, ११.
गॅस संपलेला. काल सकाळी चौकात ताकाकाचं गरम सूप प्यायला गेले होते. ओस्मारिनाची कशी जिरवणार ते चार बायकांना सांगितलं. सुपातल्या झांबूच्या पाल्याने जीभ बधिर झाली तरी बोलतच होते. घरी येऊन पातेल्याकडे पाहिलंच नाही. आज बघते तर गार. नवरा वाल्देमीर म्हणतो, "एक दिवस गेला, बये. सहाच होणार."
म्हटलं, "झाकण होतं ना? आत ऊब असते. ऊब म्हणजे उकळणंच."
पुरुषांना काय कळतंय.

शनिवार, १२.
डुकराचं मांस घातलं. आच मोठी केली. मोठ्या आचेवर एका दिवसाचे दोन होतात. गॅसचं बहिणीपाशी बोलायचं नाही, अशी वाल्देमीरला मातेची शपथ घातली.

रविवार, १३. दुपारी.
सगळे आले. सासूबाई मधल्या खुर्चीत. मी ताट ओस्मारिनापुढे धरलं, "घ्या वन्सं, पहिला घास तुमचा."
"छे गं वहिनी! सात दिवस खपलीस तू. पहिला मान तुझा."
गोड आवाजात बोलली, मेली.
चमचा तोंडाशी नेला. हात थांबला. जरासाच. म्हटलं, मिरवणुकीत खाल्लंय, पोट भरलंय.
सासूबाई काठी उचलून दाराकडे निघाल्या. मागोमाग सगळे.

संध्याकाळी पाच.
ओस्मारिनाकडे जेवले. उपाशी राहून तिला कशाला आनंद द्या? बदक बरं होतं. दोनदा वाढून घेतलं ते तिचं संपावं म्हणून. संपलं नाही. उरलेलं तिने डब्यात भरून दिलं.
डबा परत देणार नाही. बस म्हणावं शोधत.