दोन पट्ट्यांची खुंटी

२४ नोव्हेंबर

झेंड्याचा आज नववा दिवस. उजव्या हातात लाल, डाव्या हातात हिरवा. हायवे चौपदरी होतोय, काम चालू आहे तिथं एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. या टोकाला मी, त्या टोकाला दुसरा माणूस. आमचे मुकादम रशीदभाई, नळदुर्गचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "महादेवीबाई, लाल म्हंजे लाल. आत कोण बसलंय ते बघायचं न्हाय."

मी बघतेच. आज एका ट्रकमध्ये नुसत्या लाकडी खुर्च्या, दुसऱ्यात उंट. उंट कुठं चालला ते विचारायच्या आत हिरवा दाखवावा लागला. दिवसभर तोंड मिटून उभं राहायचं म्हणजे माझं पोट फुगतं. म्हणून ही वही.

२५ नोव्हेंबर

तो उंट डोक्यातून जात नाही.

२७ नोव्हेंबर

नवे इंजिनिअर साहेब आले. पहिले बदलून गेले. हे विदर्भाकडचे, वय फार तर सत्तावीस, पोरगेलेसे. वहीत यांना इं.सा. म्हणायचं.

गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता, आमच्या अंगणापेक्षा लांब. मी लाल दाखवून मान लांब केली. सरळ निळी रेघ म्हणजे आपला रस्ता, हे कळलं. पण फाट्याच्या जागी चार पाकळ्यांचं फूल काढलेलं. विचारलं, ही रांगोळी कसली? हसले. म्हणाले, इंटरचेंज.

तेवढ्यात मागं हॉर्नचा कल्ला. हिरवा दाखवायचं राहूनच गेलं होतं. र.भाईंची बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली, फूल बघायला मिळालं.

२८ नोव्हेंबर

इं.सा.नी माझेच दोन झेंडे एकावर एक आडवे धरून समजावलं. वरचा रस्ता पुलावरून, खालचा पुलाखालून. उजवीकडं जायचं असेल तर उजवीकडं वळायचंच नाही. पूल ओलांडून पुढं जायचं, डावीकडं उतरायचं, गोल फिरायचं, की आपण बरोबर उजवीकडच्या रस्त्याला. मला पटेना. घरी पोळपाटावर पीठ पसरलं, रेघा ओढल्या, बोट फिरवलं. खरंच जातंय! तीनदा फिरवलं. भाकरीला उशीर झाला, आमचे मालक पोळपाटाकडं बघत राहिले.

अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणजे माझी आई. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मधून हायवे. सासर अलीकडं गावात, अव्वा पलीकडं मळ्यात, ती आणि दोन शेळ्या. ऐकून म्हणाली, "सासरी जायला आदी म्हायेरी जायचं, आसंच की."

१ डिसेंबर

आज जे बघितलं ते लिहायलाही नको वाटतं. अव्वा रोज संध्याकाळी महादेवाला आणि माझ्याकडं जेवायला रस्ता ओलांडून येते. आता नव्या रस्त्याचा भराव माणसाच्या उंचीएवढा झालाय. ती हात टेकून चढली. वर येऊन थांबली, एका डोळ्यानं दोन्हीकडं बघितलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. मी पाचशे पावलांवर लाल झेंडा घेऊन उभी, आणि माझ्या झेंड्याचा तिला काही उपयोग नाही, कारण मधल्या वीटभट्टीचे ट्रॅक्टर माझ्यापुढून जातच नाहीत.

मला भीती वाटते. रस्ता पुरा झाला की चार लेन, मध्ये दुभाजक, दोन्ही कडांना पत्र्याचा कठडा. इं.सा.ना विचारलं, खालून जायला बोगदा कुठं? नकाशात बोट ठेवलं. ओढ्यापाशी. म्हणजे आमच्या पांदीपासून, मळ्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेपासून, दीड किलोमीटर पुढं. तिथपर्यंत दीड, पलीकडून परत दीड, एका खेपेला तीन. अव्वा तीन किलोमीटर चालणार नाही आणि मळाही सोडणार नाही. ती पत्रा ओलांडणार. हे मला आत्ताच दिसतंय.

२ डिसेंबर

नवीन कळलं. आपल्या गावानं पूर्वी अर्ज दिला होता, बोगदा पांदीच्या तोंडाशी करा म्हणून. पहिले साहेब जागा बघून गेले. त्यांच्या नोंदीत आहे: 'पांदीजवळ, दोन पट्टे.'

रस्त्याच्या कडेनं लोखंडी सळईच्या खुंट्या ठोकल्यात, वरच्या टोकाला लाल पट्टा. एक पट्टा म्हणजे नुसतं मोजमाप. दोन पट्टे म्हणजे बोगद्यासाठी सुचवलेली जागा. इं.सा. म्हणाले, "पण जागेवर खुंटीच नाही, ताई. असती तर मोजून, फोटो काढून वर पाठवलं असतं. महिनाअखेरीला नकाशा पक्का होतो. नुसतं 'पांदीजवळ' म्हणून कोण ऐकणार?"

खुंटी गेली कुठं?

५ डिसेंबर

तीन दिवस कामावर जायच्या आधी भरावाच्या कडेनं चालते. एक पट्टा, एक पट्टा, एक पट्टा. दोन कुठंच नाहीत. घाणेरीत हात घालून बघितलं, बोटं फाटली. एक प्लास्टिकची चप्पल सापडली, डाव्या पायाची.

८ डिसेंबर

भंगारवाल्याला गाठलं. छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, सरकारी लोखंडाला आपुन हात लावत न्हाय." मग जरा थांबून, "वजन किती भरंल तिचं?"

हा चोर नाही. चोरानं वजन विचारलं नसतं.

१२ डिसेंबर

उंटाचं कळलं! र.भाई म्हणाले, हैदराबादकडं लग्नात मिरवायला नेतात. चला, एक तरी गाठ सुटली.

१८ डिसेंबर

उद्या येळवस, रानात पूजा करून जेवायची वेळ अमावस्या. भज्जीची, म्हणजे शेंगा-भाज्यांच्या मिसळीची तयारी, तुरीच्या शेंगा सोलून बोटं हिरवी झाली. अव्वा आंबील बघायला आली होती. सहज विचारलं, "अव्वा, पांदीपाशी एखादी लाल खुंटी बघितलीस का गं?"

"दोन पट्ट्याची? न्हाय बा. म्या न्हाय बघितली."

ती गेली. मी शेंगा सोलत बसले. आता लिहिताना लक्षात आलं. मी दोन पट्ट्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

१९ डिसेंबर, येळवस

खूप लिहायचंय, हात दुखतोय तरी लिहिते.

येळवशीला गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. आणि आमच्या गावाची निम्मी रानं पलीकडं. मला सकाळी अर्धा दिवस काम होतंच. र.भाईंना आधीच म्हणाले होते, आज झेंडा पांदीसमोर धरू द्या. ते कानावर न घेतल्यासारखे निघून गेले, म्हणजे हो.

नऊ वाजता गाव निघालं. डोक्यावर आंबिलाची मडकी, चुन्याचे पट्टे ओढलेली, भज्जीची पातेली, कडेवर पोरं. मी लाल धरला. माणसं संपेनात. भराव चढायचा, मडकं सांभाळायचं, रस्ता ओलांडायचा, परत उतरायचं. दोन्हीकडं गाड्यांची रांग लागली. एक गाडीवाला काच खाली करून ओरडायला लागला. र.भाई त्याच्या खिडकीशी गेले, म्हणाले, "लाल म्हंजे लाल, भाईसाब." मला हसू आवरेना. कर्नाटकच्या पाटीच्या एका ट्रकवाल्यानं मात्र मडक्याला हात जोडले.

इं.सा. भरावावर उभे राहून बघत होते. विचारलं, "हे सगळे रोज जातात?" म्हटलं, आज वाजतगाजत, रोज गुपचूप. जेवायला चला.

आले. अव्वानं कडब्याची खोपटीसारखी कोप केलेली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, चुना लावलेले. पूजा झाली, ओलगे ओलगे म्हणत पाणी शिंपडत कोपीभोवती फिरून झालं. इं.सा. कडेला पाहुण्यासारखे अवघडून बसलेले. अव्वानं त्यांच्या पानात भज्जीवर बाजरीचा उंडा ठेवला. "ऊटा माडु, साहेब. जेवा, लाजायचं न्हाय." तिच्या तोंडी पाहुण्याला बघून कानडी येतेच. साहेब तिसऱ्यांदा भज्जी घेत होते तेव्हा कोपीमागं काळी शेळी ओरडली.

मी वळून बघितलं. शेळी, दोरी, दोरीच्या शेवटी सळई. सळईला दोन लाल पट्टे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! साहेबांनीही बघितलं. त्यांनी आंबिलाचा तांब्या खाली ठेवला.

"आज्जी, ही खुंटी कुणाची?"

"शेळीची."

"शेळीच्या आधी कुणाची होती?"

"रस्त्याची आसंल. मला वाटलं, रान घ्यायला ठोकली माझं. उपटली. मंग टाकायची कशाला, चांगलं लोखंड हाय."

माझा तोल गेला. सणाचं पान पुढं असताना ओरडले, "अव्वा, तुझ्याच वाटेची खुंटी होती ती! तुझी वाट तूच उपटलीस!"

अव्वानं हातातला उंडा खाली ठेवला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तर मंग तसं लिवायचं व्हतं तिच्यावर."

साहेब हात धुऊन उठले. मीही उठले.

साहेबांनी विचारलं, कुठून उपटली ते दाखवा. अव्वा बोरीपाशी उभी राहिली, मग बांधावर, मग पांदीच्या तोंडाशी. तिन्ही जागी म्हणाली, "हितंच की." साहेब म्हणाले, नक्की जागा कळल्याशिवाय फोटोला अर्थ नाही.

मी म्हणू शकत होते, पांदीच्या तोंडाशीच होती, मी बघितलीय. जिभेवर आलं होतं. गिळलं. खोटं बोलून बोगदा मिळाला आणि पुढं कुणी मोजून खोटं ठरवलं तर अर्जच बाद. आणि खरं सांगायचं तर मलाही जाणून घ्यायचं होतं, ती होती कुठं.

रात्री अव्वाशी बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

२० डिसेंबर

उजाडताच मळ्यात गेले. अव्वा उठलेली होती, चूल पेटवून माझी वाट बघत. चहा दिला. दोघी जमिनीवर नजर लावून चालायला लागलो.

भोकं सापडली. एक नाही, पाच! अव्वा शेळी रोज नव्या जागी बांधते, खुंटी रोज नवीन ठिकाणी. मी कपाळाला हात लावला. आता कुठलं भोक साहेबांचं आणि कुठलं शेळीचं?

अव्वाच म्हणाली, "माजा हात केवडा, त्यांचा घण केवडा." एवढंच. मला कळलं. कडब्याचं एक सरळ धाट घेतलं, पाला काढला, एकेका भोकात घातलं. पहिलं, वीतभर. दुसरं, वीतभर. पांदीच्या तोंडाशी जे होतं, जे मला हवं होतं, तेही वीतभर. बोरीपाशी मुरमात एक भोक, वर मुंग्यांनी माती काढलेली. धाट जाता जाता हातभर गेलं.

पांदीपासून चौदा पावलं. चौदा पावलं अव्वा चालेल. चौदा पावलं तर शेळीपण चालेल.

साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी पाचही भोकांत स्वतः धाट घालून बघितलं, मग सळई बोरीपाशी धरली. घण मारावाच लागला नाही. सळई आपल्या जागी गेली. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले. मी म्हटलं, शेजारी धाटही ठेवा फोटोत. ठेवलं.

अव्वा म्हणाली, "शेळीला आता कशाला बांदू?" साहेबांनी गाडीतून दोरीचं वेटोळं दिलं, बाभळीला बांधा म्हणाले.

२२ डिसेंबर

फोटो वर गेले. वर म्हणजे कुठं ते इं.सा.ना सुद्धा नीट माहीत नाही. म्हणाले, "होईल असं मी म्हणत नाही, ताई. विचार होईल एवढं म्हणतो." माणूस सरळ आहे. गोड बोलला असता तर मला जास्त धास्ती वाटली असती.

२४ डिसेंबर

अव्वानं बाज बोरीखाली आणून टाकलीय. दिवसभर खुंटीशेजारी बसते. विचारलं, ऊन लागत नाही का, कशाला इथं?

"लोकांचा काय भरवसा? कुणी शेळी बांदंल."

२६ डिसेंबर

भरावाचा वरचा थर पांदीपर्यंत आला. तिथं थांबलाय की मशीन बंद पडलंय, कळत नाही. र.भाईंना विचारलं. "बाई, तुमचं काम झेंडा." मग दहा मिनिटांनी स्वतःच जाऊन विचारून आले. डिझेल संपलं होतं म्हणे.

२९ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत लिहिते, झेंड्याजवळच बसून; गाडी आली की उठायचं. डबा उघडा आहे.

सकाळी पांढरी गाडी आली, दोन माणसं, ओळखीची नाहीत. तिपाईवर दुर्बीण लावलीय, भरावावर, माझ्यापासून लांब. इं.सा. त्यांच्याबरोबर आहेत, हातात नकाशा. तिघंही पाठमोरे. दुर्बिणीचं तोंड बोरीच्या दिशेला आहे. अव्वा बाजेवरून उठून उभी राहिलेली दिसते, कमरेवर हात ठेवून, खुंटीच्या अगदी शेजारी.

पण ओढाही त्याच रेषेत येतो, बोरीच्या मागं. ते खुंटी बघतायत की अव्वाच्या डोक्यावरून ओढा बघतायत, इथून कळायला मार्ग नाही. र.भाईंना म्हटलं, दोन मिनिटं जाऊन येऊ? ते म्हणाले, "जा," आणि तेवढ्यात दोन्हीकडून गाड्या लागल्या.

आता एका माणसानं हात वर केलाय. अव्वाला बाजूला हो म्हणतोय बहुतेक. अव्वा हलत नाही.

दोन वाजलेत. सुटी सहाला. लाल धरते.